तान वी गावातील वासनिर्मूलनाची हकीकत

पदार्थाला वास असणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे. पाणी बघा, काच बघा, नवाकोरा सरकारी शिक्का बघा. तिन्हींनाही वास नाही आणि तिन्हींवाचून कुठलंच राज्य चालत नाही. उलट ज्याला वास आहे ते सगळं (शेण, मासळी, फार म्हातारे झालेले आजोबा) घराच्या मागच्या बाजूला ठेवावं लागतं. ही गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक होती. तान वी गावाला मात्र ती जिल्ह्याहून येऊन सांगावी लागली.

तान वी हे तांबड्या नदीच्या एका फाट्यावरचं, भातखाचरांच्या मधोमध बसलेलं, दारू गाळणारं गाव. घर तिथे चूल, चूल तिथे हंडा आणि हंडा तिथे डुकरं, कारण उरलेला चोथा कुणीतरी खायला हवा. दारू तांदळाची. तिला वास होता हे गावाला माहीत नव्हतं असं नाही, पण त्याला कुणी वास म्हणत नसे. लोक सरळ नाव घेत. बाटलीचं बूच काढलं, नाकाखालून नेलं, की माणूस म्हणे, "ही बिन्हकाकांकडची." किंवा, "ही नावेवाल्याची, परत तांदूळ भिजत ठेवून विसरलेला दिसतोय."

मिएनच्या दारूला किंचित करपट वास होता. तिला तिच्या आईचा हंडा मिळाला होता आणि त्याचा तळ झिजून पातळ झाला होता. शिवाय आंबलेला भात ढवळता ढवळता ती शेजारणीशी बोलायची. (तज्ज्ञांनी पुढे यांतलं बोलणं हेच मुख्य कारण ठरवलं.) तिच्या आईच्या दारूलाही हाच वास होता, आणि आई गेल्यानंतर ज्या दिवशी मिएनच्या हंड्यातून पहिल्यांदा तोच वास आला, त्या दिवशी ती चुलीपुढे बसून हसली होती आणि रडलीही होती. ही बाब अर्थातच कुठल्याही नोंदीत नाही.

मिएनचा नवरा ख्वात गावसमितीचा उपाध्यक्ष होता. सज्जन माणूस. साहेबाचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला मान डोलावण्याची विलक्षण हातोटी होती. त्यामुळे कधीकधी साहेबाला म्हणायचं नव्हतं तेही मान्य होऊन जाई. कामावरून आला की पाय धुवायचे, ओट्यावर बसायचं आणि मिएनने भरलेला एक पेला सावकाश संपवायचा, हा लग्नापासूनचा त्याचा नेम. त्या पेल्याविषयी तो कधी बरं बोलला नव्हता, वाईटही बोलला नव्हता. नवऱ्यांच्यात याला कौतुक म्हणतात.

तर जिल्ह्याचे साहेब कालव्याचं पाणी अडवायचं नवं दार बघायला आले आणि जेवायला ख्वातच्या घरी बसले. उकडलेली कोंबडी होती, तळलेलं टोफू होतं, आणि मधोमध आंबवलेल्या कोळंबीच्या चटणीचा वाडगा होता. या चटणीचा वास सुटला की पलीकडच्या खाचरातली म्हैस मान वर करून बघते. साहेबांनी टोफू त्यात बुडवून बुडवून खाल्लं, बोटं चाटली, वाडगा जवळ ओढून घेतला. मग मिएनच्या दारूचा पेला उचलला, हुंगला, आणि नाक जरा वर केलं.

"छान आहे," साहेब म्हणाले. "पण वास येतो."

"येतो साहेब," ख्वात म्हणाला. "फार येतो."

मिएन भाजीपाल्याची ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ताटली खाली ठेवली आणि आत गेली. ताटलीचा आवाज झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं, असं ख्वातला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं.

साहेबांची गाडी गेल्यावर ती भांडी घासत होती. तो मागे जाऊन उभा राहिला.

"फार येतो?" तिने वळून न बघता विचारलं.

"अगं, ती बोलायची पद्धत असते."

"मग इतकी वर्षं काय नाक खुंटीला टांगून पीत होतात?"

यावर उपाध्यक्षांनी एक भांडं विसळायला घेतलं. तिने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

*

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष हाओ यांनी तातडीची बैठक बोलावली. "साहेब उगाच कशाला बोलतील?" हा बैठकीचा पहिला आणि शेवटचा मुद्दा होता. एकमताने 'वासनिर्मूलन सुकाणू समिती' स्थापन झाली. वास ख्वातच्या घरी आढळला असल्याने, आणि घटनास्थळाची त्यालाच चांगली माहिती असल्याने, प्रमुखपद त्याच्याकडे आलं.

आधी वासांचं वर्गीकरण झालं. शत्रू कोण हे कळल्याखेरीज लढता येत नाही. करपट, आंबूस, खवट, कुबट, उग्र असे पाच मुख्य वास निश्चित झाले आणि सहावा 'इतर'. खमंग हा वास धरावा की नाही यावर वाद झाला. शेवटी खमंग हादेखील वासच असून आज त्याला सूट दिली तर उद्या कुबटही दाराशी उभा राहील, हे अध्यक्षांचं म्हणणं सर्वांना पटलं.

मग तपासणीसाठी नाक-पथक नेमलं. त्याचे मुख्य म्हणून बिन्हकाकांची निवड झाली. बिन्हकाकांचं नाक मोठ्या पुराच्या सालापासून बंद होतं. ते कुणाच्याही बाजूला झुकण्याची शक्यता नव्हती.

पहिल्या टप्प्यात घरगुती उपाय झाले. दारू कोळशातून गाळली. वास गेला, पण कोळसा आला. ती प्यायलेल्या लोकांचे दात, मुद्दाम दात काळे रंगवणाऱ्या जुन्या काळातल्या आज्यांसारखे, काळेभोर झाले. (हयात आज्यांनी या टप्प्याचं स्वागत केलं.) मग दुधाचा उपाय. दूध म्हणजे गावात मिळतं ते डब्यातलं गोड दाट दूध. ते दारूत ओतल्यावर जे झालं त्याला काय म्हणावं हे समितीला ठरवता आलं नाही. डुकरांना घातलं, तर डुकरांनीही समितीकडे बघितलं. बदकाच्या अंड्याचा पांढरा भाग घालून झाला. वास थोडा कमी झाला, पण शिल्लक पिवळ्या बलकांची व्यवस्था करता करता समितीचं पोट बिघडलं. नावेवाल्याने दारूचा रांजण जमिनीत पुरला, कारण माती वास ओढून घेते असं त्याच्या आजोबांचं मत होतं. पुरण्याआधी त्याने दारू चाखून पाहिली आणि पुरल्यावरही चाखून पाहिली, त्यामुळे कुठे पुरला ते त्याला पुढे आठवेना. भोपळ्याचा सबंध वाफा खणून झाला. अहवालात 'वासनिर्मूलन: पूर्ण' अशी नोंद आहे, आणि ती खोटी नाही.

शेवटी सगळ्या रांजणांची झाकणं उघडी ठेवून वास उडवून द्यायचं ठरलं. वास उडाला. उडाला तो गावावर बसला. दोन दिवस बदकं तिरकी चालत होती. वास नष्ट होत नसून तो फक्त शेजाऱ्याकडे जातो, असा महत्त्वाचा निष्कर्ष या प्रयोगातून निघाला.

म्हणून दुसऱ्या टप्प्यात हनोईहून यंत्र आणलं. माणसापेक्षा उंच, चकचकीत, पोटावर निळे दिवे. एका बाजूने दारू ओतायची, दुसऱ्या बाजूने दारूच यायची, पण सुधारलेली. यंत्रवाला टाय लावून आला होता. तो म्हणाला, "एकदा फिरवली की साधी. दोनदा फिरवली की शहरी. तीनदा फिरवली की मंत्र्यांपुढे ठेवा."

पहिला मान प्रमुखांच्या घराचा. ख्वातने ही गोष्ट मिएनला जेवताना सांगितली.

"मला नको मान," ती म्हणाली. "हंडा माझ्या आईचा आहे."

"हंडा कोण मागतंय? फक्त वास द्यायचाय."

मिएनने त्याच्याकडे बघितलं. मग उठली आणि रांजण अंगणात आणून ठेवला. त्याला उचलायला हातही लावू दिला नाही.

समारंभ झकास झाला. ढोल वाजला, अध्यक्षांचं भाषण झालं, मिएनची दारू तीनदा यंत्रातून फिरली. बिन्हकाकांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, बराच वेळ तसेच राहिले. लोकांनी श्वास रोखले.

"काही नाही," बिन्हकाका म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर ख्वातने हुंगलं. खरंच काही नव्हतं. आपण आपल्याच घरात शिरावं आणि आतलं सगळं सामान कुणीतरी हलवून भिंतींना चुना मारून ठेवलेला असावा, तसं त्याला वाटलं. त्याने तपासणीच्या कागदावर 'समाधानकारक' असं लिहिलं आणि सही केली.

संध्याकाळी ओट्यावर पेला आला नाही. समितीची बाटली आली, बुचासकट.

*

यंत्रातून न गेलेली दारू गावात ठेवायची नाही असा नियम झाला. वास गेल्यापासून गाव फार सुधारलं. पूर्वी माणूस हुंगून थांबायचा, मग चाखायचा, मग कुणाची ते ओळखायचा, मग त्याच्या घरच्यांची चौकशी करायचा. पहिला पेला संपायला तास जाई. आता हा सगळा वेळ वाचला. लोक पाण्यासारखी प्यायला लागले, आणि पाण्यासारखी प्यायल्यावर दारूसारखं वागू लागले. बाटल्या कुणाच्या कोणत्या हे ओळखू येईना. चुकून दुसऱ्याची बाटली उचलण्याचे प्रकार पूर्वी जवळजवळ शून्य होते. नंतर मोजणं बंद करण्यात आलं. एका गृहस्थाने पाणी समजून सबंध बादली तुळशीच्या वाफ्याला घातली. तुळस दोन दिवस आडवी होती. 'इतर' या सदरातही कुठली तक्रार उरली नाही, कारण तक्रार करायला काही सापडतच नव्हतं.

आणि मग मिएनच्या आईचं श्राद्ध आलं.

मिएनने सकाळीच देव्हाऱ्याशेजारचं पूर्वजांचं आसन पुसून काढलं. फळं ठेवली, उकडलेला कोंबडा ठेवला, चिकट भात ठेवला, आईच्या फोटोपुढे दारूचे पेले मांडले. लुऊ मावशी आली होती. ती मिएनच्या आईची धाकटी बहीण. विड्याचं पान तोंडात, डोळ्यांत मोतीबिंदू, पण नाक तिखट. तिने उदबत्ती लावली आणि लावता लावता पेल्यापाशी थांबली.

"हे काय ठेवलंयस गं?"

"दारू, मावशी. समितीची."

"कुणाला? ताईला?" मावशीने पेला उचलून हुंगला आणि असा खाली ठेवला, जणू तो कुणी परक्याने दिला होता. "मेलेल्यांना तोंड असतं का? जेवता येतं का त्यांना? सगळं नाकावर चालतं त्यांचं. वास घ्यायचा आणि तृप्त व्हायचं. तो तुम्ही यंत्रात घातलात. मग तिला राहिलं काय? कोंबडा बघत बसायचं?"

"मावशी, नियम आहे," ख्वात हळूच म्हणाला.

"तू गप रे. ती इतक्या लांबून पायपीट करत येणार. गल्लीच्या तोंडाशी उभी राहणार. तिला काय घर नंबर वाचता येतो? ती त्या करपट वासावर येते. वास नाही म्हटल्यावर जाईल पुढे निघून. जाईल दुसऱ्यांच्या घरी आणि बसेल कोपऱ्यात, परक्यासारखी."

मिएन पायरीवर जाऊन बसली. रडण्याचा आवाज नव्हता, पण पाठ हलत होती. ख्वात हातात पेटती उदबत्ती धरून उभा राहिला. ती कुठे खोचावी हे त्याला सुचेना, आणि राख बोटावर पडली तरी त्याने हात झटकला नाही.

श्राद्ध आटोपल्यावर तो थेट अध्यक्षांकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने वरिष्ठांपुढे एक वाक्य 'होय' या शब्दाने सुरू केलं नाही.

"पूर्वजांचं काय करायचं, साहेब?" त्याने विचारलं.

अध्यक्षांनाही पूर्वज होते. शिवाय त्यांच्या आईने त्याच आठवड्यात त्यांना हाच प्रश्न, जरा वेगळ्या शब्दांत, झाडू हातात असताना विचारला होता. तेव्हा नियमाला एक पोटकलम जोडण्यात आलं: जिवंत व्यक्तींच्या वापरासाठी वास निषिद्ध, मृत व्यक्तींच्या वापरासाठी मात्र पूर्वपरवानगीने मुभा. अर्जात मृताचं नाव, तिथी आणि पसंतीचा वास लिहायचा. खाली मृताच्या सहीसाठी जागा होती, पण गावातले बरेचसे मृत निरक्षर असल्याचं कारकुनाने दाखवून दिल्यावर ती अट काढून टाकली.

गावात जिवंत माणसांपेक्षा मेलेली माणसं कितीतरी जास्त आहेत, हा हिशेब तोवर कुणी केला नव्हता.

पहिल्या महिन्यात आई-वडिलांसाठी अर्ज आले. दुसऱ्यात आजे-पणजे आले. मग घरोघर इतिहासाची अशी काही ओढ लागली की विचारू नका. एका घराने नऊ पिढ्या मागे जाऊन एक मूळपुरुष काढला आणि त्याला आंबूस आवडे हेही शोधलं. नावेवाल्याने दक्षिणेत गेलेल्या चुलतआजोबांसाठी अर्ज केला. ते वारल्याची खबर नव्हती, पण उशीर होऊन चालणार नाही असं त्याचं म्हणणं पडलं. निपुत्रिक वारलेले, लढाईत हरवलेले, लोकांनी ज्यांचं नाव टाकलं होतं असे, सगळे सन्मानाने परत आले. पूर्वजांविषयीच्या आदरात तान वीमध्ये चौपट वाढ झाली, असं अध्यक्षांनी वर कळवलं. वरून मातृपितृभक्तीचं लाल निशाण आलं.

आता, उदबत्ती विझली की पूर्वजांचं जेवण झालं. मग पुढ्यातलं सगळं खाली उतरवायचं आणि घरच्यांनी प्रसाद म्हणून घ्यायचं. प्रसादाला नाही म्हणता येत नाही, आणि प्रसादात वास आहे अशी तक्रार करणारा माणूस अजून जन्मायचाय. उदबत्त्याही आखूड मिळू लागल्या. ख्वातच्या ओट्यावर मात्र बुचाची बाटलीच येत राहिली. "प्रसाद आईच्या लेकरांचा," मिएन एवढंच म्हणाली. सगळं गाव समितीच्या नाकाखाली वासाची पीत होतं. समितीचा प्रमुख तेवढा नियमाप्रमाणे पीत होता.

यंत्रातून आलेली दारू भेटीदाखल जिल्ह्याच्या कचेऱ्यांत जाई. तिथून ती इतर कचेऱ्यांत जाई. टेटच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणाला एक पेटी फिरत फिरत तान वीतच परत आली. तिच्यावरची फीत मात्र आधीपेक्षा चांगली होती.

*

कचेरीत बदल्या होतात. ज्या साहेबांना वास आला होता ते वरच्या जागी गेले आणि नवे साहेब आले. नवे साहेब तरुण होते, खादीसारखा जाडाभरडा सदरा घालत आणि 'मूळ', 'माती', 'अस्सल' हे शब्द वापरत. ते गावच्या चावडीत बसले. त्यांच्यापुढे तीनदा फिरवलेली दारू ठेवण्यात आली. त्यांनी घोट घेतला. मग पेल्यात बघितलं.

"हे काय आहे?"

"दारू, साहेब," अध्यक्ष हाओ म्हणाले. "वास शून्य."

"अहो, पण तुमच्या दारूला एक करपट वास असतो असं मी ऐकलं होतं. त्यासाठी तर आलो मी. तो नाही का?"

चावडीत बसल्या जागी बाहेरची बदकं चालताना ऐकू आली.

"आहे साहेब," ख्वात म्हणाला. "फार आहे."

आणि मग त्याच्या लक्षात आलं की नियमानुसार तो गावातल्या एकाही जिवंत माणसाकडे नाही. कागदोपत्री सगळा वास मृतांच्या ताब्यात होता, आणि करपट वासाची नोंद एकाच नावावर होती: त्याच्या सासूबाईंच्या.

"मागून आणा," अध्यक्ष पुटपुटले. "साहेब चहा घेतायत तोवर."

ख्वात पांढरा सदरा आणि छातीवरचा बिल्ला तसाच ठेवून घरी आला. मिएन सुपारी सोलत होती, लुऊ मावशी ती खात होती. त्याने दोघींना अडचण सांगितली.

"मला काय विचारता?" मिएन म्हणाली. "माझी कुठे आहे ती? तुमच्याच कागदावर आईची आहे. तिला विचारा."

पूर्वजांना विचारायची रीत ठरलेली आहे. दोन जुनी नाणी ताटलीत टाकायची. एक छापा आणि एक काटा पडला तर होकार. दोन्ही सारखी पडली तर नकार. ख्वातने उदबत्ती लावली, हात जोडले, घसा साफ केला.

"आदरणीय सासूबाई," तो म्हणाला, "समितीच्या वतीने आपणास विनंती करण्यात येते की, सदर वस्तूचा नमुना तात्पुरत्या स्वरूपात..."

नाणी पडली. दोन्ही काटे.

"समिती आपल्या सहकार्याची यथोचित दखल..."

दोन्ही छापे.

खिशातला फोन थरथरला. अध्यक्ष होते.

"ताई समितीबिमितीला ओळखत नाही," मावशी सुपारी चघळत म्हणाली. "ती गेली तेव्हा तू नुसता जावई होतास. कोण मागतंय ते नीट सांग."

ख्वातने बिल्ला काढून खिशात टाकला. फोटोतली सासू नेहमीसारखीच, उन्हाकडे बघितल्यासारखी बघत होती.

"आई, मी ख्वात," तो म्हणाला आणि अडला. मग म्हणाला, "त्या दिवशी साहेब म्हणाले, वास येतो. मी म्हणालो, फार येतो."

मिएनचा अडकित्ता थांबला.

"येत होता की नव्हता?" तिने विचारलं. इतक्या महिन्यांत तिने हे विचारलंच नव्हतं.

"येत होता."

"मग झालं तर. खरं तेच बोललात."

"वास येत होता. त्यातलं 'फार' मी घातलं," ख्वात म्हणाला. "आणि 'म्हणून तर मी रोज पितो' हे बोलायचं राहून गेलं."

मिएनने खाली बघितलं आणि एका सुपारीचं साल उगाचच दोनदा काढलं. मावशीने नाणी उचलून त्याच्या हातात कोंबली. त्याने ती टाकली. एक ताटलीत पडलं, काटा. दुसरं उडालं आणि घरंगळत आसनाखाली गेलं. मावशी गुडघ्यांवर टेकली, आत डोकावली, हाताने चाचपडली.

"छापा," मावशी म्हणाली.

"मावशी, तुम्हाला दिसलं?"

"मला दिसायला कशाला हवं? ती काय मला परकी आहे?"

मिएन उठली. तिने रांजणातून एक बाटली भरली, बोळा कोंबला, बाहेरून सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि त्याच्या हातात दिली. "सांडू नका," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण ते बायको म्हणते तसं म्हणाली.

नव्या साहेबांनी हुंगलं. "हं," ते म्हणाले. प्यायले, आणि पेला पुढे केला. त्यांनी 'अस्सल' हा शब्द तीन वेळा वापरला.

आठवड्याच्या आत 'वाससंवर्धन सुकाणू समिती' स्थापन झाली. माणसं तीच, फलकही तोच, फक्त मधली अक्षरं पुन्हा रंगवली. बिन्हकाकांना तेवढं वगळावं लागलं, कारण मधल्या काळात त्यांच्या नाकाची शस्त्रक्रिया होऊन त्यांना सगळे वास येऊ लागले होते आणि ते मतं देऊ लागले होते. टायवाला परत आला. आता त्याच्याकडे छोट्या बाटल्या होत्या: 'करपट, पारंपरिक', 'आंबूस, आजीच्या हातचा'. पूर्वजांचं पोटकलम रद्द झालं आणि नऊ पिढ्यांपूर्वीचा मूळपुरुष पुन्हा विस्मृतीत गेला. करपटपणाचं प्रमाण ठरवण्यात आलं. प्रत्येक हंडा मुद्दाम करपवायचा, आणि तोही प्रमाणानुसार. पहिल्याच तपासणीत मिएनची दारू नापास झाली. तिचा करपटपणा अपुरा आणि अनियमित आढळला, असा शेरा आला. तिने तो मावशीला मोठ्याने वाचून दाखवला आणि दोघी इतक्या हसल्या की मावशीच्या तोंडातलं पान पडलं.

त्या संध्याकाळी ख्वात पाय धुऊन ओट्यावर बसला. मिएनने रांजणातून पेला भरून आणून ठेवला.

त्याने घोट घेतला. "करपलीय जरा," तो म्हणाला.

"शेजारीण आली होती. बोलत बसले."

"मग बोलत जा की," ख्वात म्हणाला. इतक्या वर्षांत त्या पेल्याविषयी तो पहिल्यांदाच काहीतरी बोलला होता. मिएनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि डुकरांना चोथा घालायला गेली. जाताना मात्र गुणगुणत होती.

आता एक सरकारी काम राहिलं. नव्या समितीला चार चांगल्या नाकांची तातडीने गरज आहे. इच्छुकांनी अर्ज करण्याचं कारण नाही, नेमणूक झालेली आहे. ही हकीकत इथवर वाचताना आपण तान वीच्या दारूचा एक थेंबही हुंगलेला नाही. तरीही मिएनची दारू चांगली आणि यंत्राची वाईट, याविषयी आपल्या मनात आता कसलीही शंका उरलेली नाही. समिती अशाच नाकाच्या शोधात होती. सोमवारी हजर व्हावं.